तीन रेघांचं दार

ये गं सारिका, इकडं ये. लांब कशाला बसतेस, मी काय तुझी तोंडी परीक्षा घेणार आहे का? अशी जवळ सरक. आधी तुला रागावून घेते, म्हणजे मग मोकळ्या मनानं बोलता येईल.

परवा भाजी घेताना एक बाई भेटली. पोरीच्या दाखल्याचं विचारायला तिनं कॉलेजात फोन लावला होता. तिकडून उत्तर आलं, “सगळी माहिती वेबसाईटवर आहे, तिथं बघा.” आणि फोन ठेवला. तो फोन तू उचललास का आणखी कुणी, मला ठाऊक नाही. पण खिडकीत तू बसतेस, म्हणून बोलणी तुझ्याच वाट्याला. अगं, धुळाजी त्या खिडकीखाली बसले होते ते तुझ्या डोळ्यांदेखत ना? एवढ्यात विसरलीस?

आता वाचणारे म्हणतील, ही सारिका कोण आणि धुळाजी कोण. सांगते. धारूरकडच्या एका लहानशा कॉलेजात माझी सगळी नोकरी झाली. शिपाई म्हणून लागले, घंटा दिली, बाकं पुसली, आणि पुढची बरीच वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले. मी निवृत्त झाले आणि माझ्या खुर्चीवर ही सारिका आली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं नोकरीतले अनुभव मागितले, तेव्हा म्हटलं, मला लिहिता कुठं येतं, बोलता येतं. ते म्हणाले, मग बोलल्यासारखं लिहा. आता भिंतीशी बोलत बसलं तर शेजारपाजारचे काय म्हणतील? म्हणून सारिकाशी बोलते. तुम्ही बाजूला बसून ऐका.

चौकशीची खिडकी हे काम बाहेरून सोपं दिसतं. कुणी विचारलं तर सांगायचं, बस. पण माणूस तोंडानं एक विचारतो आणि त्याच्या पोटात दुसरंच असतं. “कॉलेज कवा सुटतंय?” असं विचारणाऱ्या बापाला घड्याळाशी काही घेणं नसतं. त्याला विचारायचं असतं की पोरीला अंधाराच्या आत एसटी मिळेल का. मी आधी एसटीचं सांगायची, मग कॉलेजचं. तो मान हलवून जायचा. त्या खिडकीनं मला दुसरं काही शिकवलं नाही, एवढंच शिकवलं.

मग आमच्याकडं वेबसाईट आली. कॉम्प्युटरचे काळे सर, मोठा कामाचा आणि हौशी माणूस, त्यांनी स्वतः खपून ती केली. त्या दिवशी स्टाफला पेढे वाटले. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, “विमलबाई, आता लोकांना खेटे घालावे लागणार नाहीत. सगळं घरबसल्या दिसेल.” मलाही आनंद झाला. पण झालं काय, की लोक घरबसल्या हरवायला लागले.

ज्यांनी कधी बघितली नाही त्यांना सांगते. वेबसाईट म्हणजे कॉलेजची दुसरी इमारत. एक विटांची, एक काचेवरची. विटांच्या इमारतीत नवखा माणूस चुकत नाही, लिंबाच्या झाडाखाली विचारायला कुणी ना कुणी उभं असतंच. काचेवरच्या इमारतीत चिटपाखरू नाही. नुसती दारं. दारांवरच्या पाट्या इंग्रजीत. मोठ्या कॉम्प्युटरवर त्या पाट्या वर एका ओळीत दिसतात तरी, मोबाईलवर सगळ्या लपून बसतात, आणि त्यांच्या जागी वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. त्या रेघांवर बोट ठेवलं की पाट्या खाली पडतात. आता हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळावं? लोकांना वाटायचं, काच ओरखडली. ते पहिल्याच पानावर फिरफिर फिरायचे. इमारतीचा फोटो बघायचे, प्राचार्यांचा बघायचे. सूचना म्हणून एक पट्टी पळायची, ती वाचायला जावं तर निघून गेलेली. एक आजोबा वैतागून म्हणाले, “ही तर एसटीची पाटीच हाय की. वाचूस्तवर गाडी गेली.”

मी काय केलं, ती इमारत झाडायला घेतली. म्हणजे झाडू नाही गं, सवय. दुपारची भाकरी झाली की रिकाम्या कॉम्प्युटरवर बसायचं आणि एकेक खोली उघडायची. कुठल्या दारामागं काय आहे, कुठली खोली रिकामी, कुठल्या दाराला झकपक पाटी आहे पण आत नुसतं “काम चालू आहे”. इंग्रजी माझं जेमतेम, म्हणून जागा धरून पाठ केलं. प्रवेशाचं वरून चौथं, ग्रंथालय त्याच्या खाली, फोटो खालून दुसरं. काळे सर जाता जाता बघायचे, अडलं तर सांगायचे, कधी हसले नाहीत. असा माणूस भेटला की शिकायला लाज वाटत नाही.

आणि एक गंमत. वेबसाईट झाली तेव्हा रस्ता खोदणाऱ्यांनी ऑफिसच्या फोनची तार तोडली होती. काळे सर म्हणाले, “मावशी, संपर्काच्या पानावर तुमचा मोबाईल टाकू का? तात्पुरता.” टाका म्हटलं. ती तार काही जोडली गेली नाही आणि माझा नंबर काही निघाला नाही. त्यामुळं काचेवरच्या इमारतीत जो हरवेल त्याचा फोन थेट माझ्या कमरेला. भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना. “हॅलो, कॉलेज का?” म्हणायचे. मी म्हणायची, “हो, बोला.” मीच कॉलेज.

किती नमुने सांगू! खिडकीशी आलेल्या एका आजीला नातवाचा निकाल दाखवायला मी पडदा तिच्याकडं वळवला, तर पहिल्या पानावर संस्थापकांचा मोठा फोटो. आजीनं झटकन डोक्यावरून पदर घेतला आणि मला दटावलं, “आधी सांगायचं की, मोठी माणसं बसल्यात म्हणून.” दुसरे एक मामा होते. त्यांनी फोनवर आमच्या एका तरुण सरांचं नाव घेतलं आणि म्हणाले, “तेंचा फोटू बघितला वेबसाईटवर. रंग बरा हाय. कायम हायत का तासिकेवर?” म्हटलं, “मामा, स्थळ बघायलाव का?” “बघायलोय. पर तेवढंच लिवलं न्हाई बगा तिथं. काय काय पुस्तकं वाचली ती सगळी लिवलीत.” मी म्हटलं, तेवढं तुम्ही सरांच्या घरी जाऊन विचारा, चहा पण मिळेल.

आणि एक आवाज अजून कानात आहे. दुपारची वेळ, बाई हळू बोलत होती, भांड्यांच्या आवाजाआडून. “लग्नानं सुटलेलं दुसरं वर्ष परत भरता येतं का हो? वेबसाईटवर लई बघितलं, लिवलेलं न्हाई.” मी म्हटलं, येतं की, तू नाव सांग, गाव सांग. तर तिकडं कुणीतरी आलं आणि फोन बंद. मी वाट बघितली, मग उलटा लावला. एका बाप्यानं उचलला. मी चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला, दुसरं काय करणार? तिचा फोन पुन्हा आला नाही. मी मात्र काळे सरांच्या मागं लागून ते एक वाक्य प्रवेशाच्या पानावर मराठीत लिहून घेतलं. कधी तिनं बघितलं असेल का, देव जाणे.

तर धुळाजी.

प्रवेशाच्या दिवसांत एक उंच माणूस पोरीला घेऊन खिडकीशी आला. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पोरगी रेणुका, बारावी पास, खाली मान. अर्ज, वसतिगृह सगळं झालं. पोरगी आत गेली तरी बाप खिडकीशीच.

“अक्का, पोरगी तर ठिवली. पर दिवाळी झाली की म्या मेंढरं घिऊन गोदाकाठाला जातो, मिरगाला माघारी. मधी ती कशी हाय ते कसं कळायचं?”

“फोन करायचा की.”

“फोनात आवाज येतो. मेंढरू वरडलं म्हंजी बरं हाय असं अस्तंय का? दिसाया पायजे.”

मी त्यांना आत बोलावलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि फोटोंचं पान उघडलं. झाडं लावली, खेळ झाले, शिबिर झालं, की काळे सर फोटो लावायचे. म्हटलं, “ह्यात कुठं ना कुठं तुमची पोरगी येईल.” माणूस पुढं वाकला. एकेका पोराचा चेहरा असा बघितला, जसा संध्याकाळी कळप बसवताना बघत असेल. मग म्हणाले, “मला वाचता येत न्हाई. वाट सांगा.”

मी वाट सांगितली. मोबाईलवर वर डाव्या कोपऱ्यात तीन रेघा. त्यांनी लगेच धरलं, “म्हंजी रानातल्या वाणी तीन सऱ्या.” सऱ्यांवर बोट ठेवायचं, पाट्या पडतील. खालून दुसरं दार. आत गेलं की खाली खाली सरकायचं. ते डोळे मिटून पुटपुटले, घाटातली वाट पाठ करतात तसं. आणि उठताना म्हणाले, “रेणीला सांगू नगा. न्हाईतर ती फोटूसाठी हासंल. मला हाय तशी बघायचीय.”

दिवाळीनंतर फोन यायला लागले. दर वेळी नंबर वेगळा, कारण ज्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची त्या मालकाच्या घरचा मोबाईल. “अक्का, धुळा बोलतोय. झाडं लावली का तुमी?”

“लावली की.”

“रेणी मागं हाय. तिच्यापुढं ती ताडमाड पोरगी कावून उभी केली?”

मग माझं एक जादा काम वाढलं. फोटो निघायचा असला की मी हातातलं टाकून जायची आणि रेणुकाला दंडाला धरून पुढं आणायची. ती चिडायची. “मावशी, तुमी सारखं मला कावून वढताव? बाभळीवानी दिसते मी फोटूत.”

“बाभळीलाही फुलं येतात. उभी रहा.”

एकदा फोन आला तो काळजीचा. “अक्का, पोरीला दिसंना झालंय.” म्हटलं, काय बोलताय, चांगली हिंडते फिरते. “न्हाई. शिबिराच्या फोटूत डोळं बारीक केल्यात. खेळाच्या फोटूत बी. ऊन एकीकडं, ही बघतीया दुसरीकडं. रेणीच्या आईनं बी वळखलं.” मी रेणुकाला विचारलं तर खाली बघून म्हणाली, फळ्यावरचं दिसत नाही, मैत्रिणीच्या वहीतून उतरवते, आबांना सांगितलं तर काळजी करतील. मी तिला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. चष्मा लागला. पुढच्या फोटोत चष्मा दिसला तसा फोन आला, पण धुळाजींच्या हातून तो तिच्या आईनं घेतला. एवढंच म्हणाली, “मास्तरीण दिसती.” पाठीमागं मेंढ्यांचा आवाज येत होता.

आता ह्यात एक गाठ होती, ती मला नंतर कळली. रेणुकाच्या आईचा भाऊ म्हाळू. त्याचा मुलगा टेम्पो चालवतो, पोरगा काही वाईट नाही. आपल्याकडं मामाच्या पोराचा मान पहिला. म्हाळू रेणुका शाळेत असल्यापासून मागणी घालत होता. शेवटी मेहुण्या-मेहुण्यांत बोली झाली. पोरगी कॉलेजात आहे तोवर कुणी विषय काढायचा नाही. ज्या दिवशी कॉलेज सोडेल त्या दिवशी म्हाळूनं नारळ घेऊन यायचं. धुळाजी शब्दाचा माणूस. तो शब्द दिला म्हणजे दिला. रेणुकाला शिक्षिका व्हायचं होतं, ते तिनं मला वसतिगृहाच्या पायरीवर सांगितलं होतं. पण तिचं सगळं त्या एका बोलीवर उभं होतं.

रेणुका तिसऱ्या वर्षाला गेली आणि मी निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, प्राचार्यांचं भाषण झालं. त्याच वर्षी तपासणीची कमिटी यायची होती आणि वेबसाईट नव्या तऱ्हेची हवी होती. संभाजीनगरच्या काही मंडळींनी ती केली, दिसायला फार सुरेख. माझा नंबर काढून ऑफिसचा नवा मोबाईल टाकला. बरोबरच केलं, तात्पुरता म्हणजे किती दिवस? जुने फोटो नव्या घरात हलवायचे राहिले होते, म्हणून त्या खोलीवर “लवकरच येत आहे” अशी पाटी लावली. आणि दारांची जागा बदलली. ह्यात चूक कुणाची म्हणू? घर बदललं की चार दिवस मीठ कुठं ठेवलं तेही सापडत नाही.

पण तिकडं गोदाकाठी, तलवाड्याच्या बाजूला, कापूस वेचून झालेल्या एका रानात धुळाजी मेंढरं घेऊन बसलेले. मालकाच्या सुनेला म्हणाले, “पोरी, आमचं कॉलेज उघड.” तीन सऱ्या डावीकडून उजवीकडं गेलेल्या, त्या शोधल्या. मग खालून दुसरं दार. आत फोटो नाहीत, नुसती नावं. सुनेनं वरची पाटी वाचली, “माजी विद्यार्थी.”

“माजी म्हंजी?”

“म्हंजी कॉलेज सोडून गेलेली पोरं, आबा.”

“आमच्या रेणीचं नाव हाय का?”

“इथं तर न्हाई. पर यादी मागल्या सालापतोरचीच हाय.”

झालं. कॉलेजच्या फोटोंतून पोरगी नाहीशी, आणि जिथं असायची तिथं सोडून गेलेल्यांची खोली. धुळाजींच्या हिशेबानं अर्थ एकच. कळपात दिसलं नाही म्हणजे गेलं. त्यांचा स्वतःचा साधा फोन मेंढरांच्या हौदात पडून बंद झालेला, रेणुकाजवळ मोबाईल नाही, वसतिगृहाच्या बाई नव्या, त्यांचा नंबर नाही. त्यांनी सुनेकडून संपर्काच्या पानावरचा नंबर लावला. “विमलअक्का हायत का?” तिकडून कुणीतरी घाईत म्हणालं, “त्या निवृत्त झाल्या. सगळी माहिती वेबसाईटवर आहे, तिथं बघा.”

अगं सारिका, वेबसाईटवर बघूनच ज्याला पोरगी हरवली वाटली, त्याला आपण म्हणतो वेबसाईटवर बघा! म्हणून तर तुला रागावते.

त्या दिवशीचा तुझा फोन मात्र मला आठवतो. “मावशी, एक पागोटंवाले आजोबा आलेत. खिडकीखाली बसलेत, तुमचंच नाव घेताहेत, उठत नाहीत. बरोबर एक जण आहे.” मी पायातली चप्पल उलटी-सुलटी घालून आले. धुळाजी भिंतीला टेकून बसलेले. एसट्या बदलत बदलत आलेले, तोंड सुकलेलं. बरोबर म्हाळू, शब्दाला जागून धुळाजींनीच कळवलेला, हातात पिशवी. पिशवीतला नारळ बाहेरून कळत होता.

“अक्का,” धुळाजी म्हणाले, “पोरगी कवा सोडून गेली? तुमी तरी सांगायचं.”

“कुठं गेली? तिसऱ्या वर्षात आहे. आज तिचा वर्ग सरांबरोबर अंबाजोगाईला गेलाय, तिथली मोठी लायब्ररी बघायला. संध्याकाळी येतील.”

म्हाळू हसला. “दाजी, बगा. कालबी फोनात कुणी सांगंना, आज म्हणत्यात सहलीला गेली. चला, घरला जाऊन पोरीचा तपास करू. बोली म्हंजी बोली.”

सारिका, तू तेव्हा काळे सरांना फोन लावलास. सरांनी रेणुकाला बोलायला देतो म्हटलं, पण धुळाजींनी हात हलवला. “आवाज नगं. आवाज कुटनं बी येतो.” मग सरांनी फोटो पाठवला, पुरी पोरं लायब्ररीच्या पायऱ्यांवर. तू मोबाईल पुढं केलास. म्हाळू म्हणाला, “फोनातला फोटू मागल्या सालचा बी अस्तो.” धुळाजी मोबाईलकडं बघेनात. माझ्याकडं बघून म्हणाले, “अक्का, तुमी दावलेल्या वाटंनं दावा. त्या वाटंवर दिसली तर मानंल.”

तू उठलीस आणि प्राचार्यांच्या खोलीत गेलीस. आत काय बोललीस मला ठाऊक नाही. बाहेर आलात ते दोघं मिळून. प्राचार्य म्हणाले, “टाका तो फोटो. आत्ता टाका.” सरांनी अंबाजोगाईहून फोनवर सांगायचं आणि तू इथं बोटं चालवायची. तुझा घाम मला दिसत होता गं. मग “लवकरच येत आहे” गेलं आणि त्या नव्या रिकाम्या खोलीत तो एकटा फोटो लागला.

मी धुळाजींना कॉम्प्युटरसमोर बसवलं, पहिल्या दिवशी बसवलं होतं तसं. नवी वाट दाखवली. ते पुढं वाकले. मागच्या ओळीत, ताडमाड पोरीच्या आडून, चष्मा.

“मोठं करा.”

तू मोठं केलंस. चेहरा पसरला, धुरकटला. म्हाळू म्हणाला, “काय दिसतंय त्यात?” धुळाजींनी काचेवर बोट ठेवलं. चष्म्याच्या काडीला काहीतरी काळं गुंडाळलेलं होतं.

“दिवाळीला काडी मोडली व्हती. म्या घोंगडीचा दोरा काढून बांधला.” ते वळले. “म्हाळबा, दोरा ह्या दिवाळीचा हाय. पोरगी कॉलेजात हाय.”

म्हाळूनं पिशवीकडं बघितलं. मला त्याची दया आली, एवढा लांबून नारळ आणलेला. म्हटलं, “पाव्हणं, आणलाच आहे तर नव्या फोटोच्या नावानं फोडा. आमच्या नव्या वेबसाईटचं उद्घाटन राहिलंय.” प्राचार्य हसले, म्हाळूही हसला, कसनुसा का होईना, आणि कॉलेजच्या पायरीवर नारळ फोडला. खोबरं त्यानंच वाटलं. मला देताना म्हणाला, “अक्का, पोरीनं लई अभ्यास करून माझ्या पोराला नापास केलं बगा.”

धुळाजी गेले नाहीत. खिडकीखालीच बसून राहिले. संध्याकाळी गाडी आली, पोरं उतरली. रेणुका बापाला बघून जागीच थबकली. “आबा, तुमी? मेंढरं कुणापाशी?”

“तुझ्या आईपाशी. चष्म्याचा दोरा टिकला का बघाया आलतो.”

“आन् मामा?”

“मामा खोबरं द्याया आलता.”

तिनं बापाकडं बघितलं, मामाकडं बघितलं, खिडकीतल्या पडद्यावर अजून उघडा असलेला फोटो बघितला, मग माझ्याकडं. मला वाटतं, मी तिला दंडाला धरून पुढं का ओढायची ते तिला तिथं कळलं. चष्मा काढून पदराला पुसत बसली. पदर नव्हताच, ओढणी होती. पण बसली तशीच बापाच्या शेजारी, मातीत.

पुढच्या बैठकीत प्राचार्यांनी जुने फोटो परत लावायला सांगितले, आणि काळे सरांनी फोटोंचं दार उचलून पुन्हा खालून दुसऱ्या जागी बसवलं. कमिटीतल्या एकांनी विचारलं म्हणे, हे इतकं खाली का ठेवलंय? प्राचार्य म्हणाले, “आमच्याकडची वाट तिथूनच जाते.”

रेणुका आता अंबाजोगाईला शिक्षिकेचं शिकते आहे. म्हाळूच्या पोराचं लग्न झालं, नवरी चांगली मिळाली, जेवायला मीही गेले होते. आणि आता नवं दुखणं. त्या मोठ्या कॉलेजची वेबसाईटही मोठी. दारात दार, त्या दारात आणखी दार. धुळाजींचा फोन येतो, “अक्का, वाट गावंना.” मी रोज दुपारी झाडायला घेते, पण माझा मोबाईल लहान आणि आता डोळेही लहान व्हायला लागले. फोटोंची खोली काही सापडत नाही गं.

म्हणून म्हणते, ये. तुझा तो मोठा फोन घेऊन ये. दिवाळी झाली की धुळाजी मेंढरं घेऊन आमच्या धारूरच्या किल्ल्याखालून जातील आणि चहाला माझ्याकडं थांबतील. त्यांच्या आधी ये, म्हणजे आपण दोघी मिळून वाट शोधून ठेवू. करंज्या तुझ्यासाठी बाजूला काढते. घर शोधायला काही लागत नाही. किल्ल्याच्या उतारावर कुणालाही विचार, हात करून दाखवतील. दाराला कडी आहे, पण दिवसा मी ती लावत नाही. नुसतं ढकल आणि आत ये.